रिकामी होईपर्यंत बोला

९ जानेवारी

प्रिय साडूबुवा,

तुमचं घशाला लावून बोलायचं यंत्र दुरुस्त झालं. खर्च किती आला असं विचारलंत, तर तो असा. अर्धी वाटी व्हिनेगर. कापूस, जेवढा हाताला आला तेवढा. दुसऱ्या एका मेलेल्या टॉर्चमधून काढलेली स्प्रिंग. माझी रविवारची दुपारची झोप. आणि दात घासायचा एक ब्रश. तो मी जुना समजून घेतला, पण आमच्या हिने, थोरलीने, तो त्याच सकाळी पाकिटातून काढला होता. त्यापायी सोमवारचा चहा मला माझ्या हाताने करून प्यावा लागला, आणि माझ्या हातचा चहा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. पैसा एकही लागलेला नाही, तेव्हा पाठवायच्या भानगडीत पडू नका.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंत, 'यंत्र रोज वापरतो, परवा अचानक बंद पडलं.' साडूबुवा, गळ्यात पेटी अडकवून बसस्टँडवर सेल विकायचो तेव्हापासून मी ही वस्तू बघतोय. काउंटरवर सेल उभा टाकला की आवाजावरून सांगतो. भरलेला ठप्प करून बसतो, संपलेला टुणकन उडतो. मला कुणी फसवू शकत नाही, सेल तर नाहीच नाही. झाकण उघडलं तर आत पांढरं-हिरवट पीठ, पत्रे खाल्लेले, स्प्रिंग हात लावताच मोडली. रोज वापरात असलेलं यंत्र असं होत नाही. रोज बोलणाऱ्या माणसाला सेल सारखे बदलावे लागतात, गळायला ते उरतच नाहीत. हे यंत्र बटण चालू राहून कपाटात पडून होतं. सेल रिकामे झाले, रिकाम्याच्याही खाली गेले, आणि मग फुटले.

शिवाय दोन्ही सेल एका घरचे नव्हते. एक माझ्या दुकानचा, आणि दुसरा तुम्ही भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला. हो ना? ताजा आणि दमलेला एकत्र जुंपला की ताजा ढकलत राहतो. दमलेल्याच्या अंगात काही उरलं नसलं तरी त्याला पळवतो, आणि गळतो तो दमलेलाच. बदलायचे तर दोन्ही एकदम, आणि वापरायचं नसेल तर काढून ठेवायचे. टॉर्च असो, रिमोट असो, वजनकाटा असो. ते पीठ कधी बोटाने पुसू नका, चरचरतं. मी रबरी मोजे घातले होते (तेही थोरलीचे, पण ते अजून तिला कळलेलं नाही).

ऑपरेशनला वर्ष होत आलं. डॉक्टरांनी तुमचा आवाज काढला, जीभ काढलेली नाही. शेवटचं कधी बोललात, खरं लिहा.

तुमचा साडू,
शेठ

२१ जानेवारी

शेठ,

सेलांनी चुगली केली म्हणायची. कबूल. बोलत नाही. यंत्राला मी भुंगा म्हणतो, आणि भुंगा कपाटातच होता.

तुम्ही मला ओळखता त्याच्या आधीपासून अख्खा डेपो मला भोंगा म्हणायचा. लाउडस्पीकर बिघडला तरी माझी घोषणा फाटकापर्यंत जायची. माझ्या आवाजाने झोपलेले प्रवासी उठायचे, चुकीच्या गाडीत चढलेले उतरायचे. एकदा तर सुटलेली गाडी थांबली होती. त्या माणसाने आता नरड्याला नळी टेकवून डब्यात कोंडलेल्या डासासारखं बोलायचं? बेकरीत एकदा पाव मागितला, तर मागची बाई म्हणाली, 'अहो, कुणाचा रेडिओ खरखरतोय, बंद करा ना.' पाव न घेता घरी आलो आणि भुंगा कपाटात टाकला. बटण तेव्हाच राहिलं असणार.

आणि बोलायची गरज तरी कुठे पडते? डेपोतून जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे आणलेत, मागची बाजू कोरी असते. त्याच्या चिठ्ठ्या करतो. तुमची मेहुणी वाचते आणि हसते. हल्ली तर इतकी हसते की मलाच कळत नाही. परवा लिहिलं, 'दाढ ठणकतेय, डोळ्याला डोळा नाही.' वाचून ही खुदकन हसली, म्हणाली, 'तुमचं आपलं काहीतरीच!' आणि गेली वाटाणे सोलायला. त्याआधी लिहिलं, 'दूध उतू जातंय.' तर आधी हसली, आणि वास आल्यावर धावली. संसार जुना झाला की नवऱ्याच्या दाढेचाही विनोद होतो, एवढंच मी त्यातून समजलो.

बाकी ठीक. घर शांत आहे.

सेल घड्याळातलाच होता. घड्याळ तेव्हापासून बंद आहे.

आपला,
भोंगा (निवृत्त)

४ फेब्रुवारी

प्रिय साडूबुवा,

तुमचं पत्र वाचून मी पोट धरून हसलो. मग थोरलीला वाचून दाखवलं. दाढेपर्यंत तीही हसत होती. दुधापाशी आली आणि गप्प झाली, आणि त्या दिवशी दुपारी दार लावून तिने तुमच्याकडे फोन केला. बहिणी-बहिणींचं बोलणं आपण ऐकू नये. मी ऐकलं नाही. फक्त दारापाशी एक टॉर्च दुरुस्त करत बसलो होतो.

असो. सोबतच्या खोक्यात नवं यंत्र आहे. दुकानात कुणी बदलायला आणलेलं जुनं नाही, कोरं करकरीत आहे. यात सेल घालायचे नाहीत. मोबाइलसारखी लिथियमची बॅटरी आहे, वायर लावून चार्ज होते. आवाज जुन्यापेक्षा बरा आहे. वर चाक आहे, ते फिरवलं की सूर खाली-वर होतो. प्रश्न विचारताना वर न्या, रागावताना खाली. खोक्यात कंपनीचा एक कागद आहे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तो वाचायची गरज नाही. कंपनीवाल्यांनी बॅटरी बनवलीय, मी ती जन्मभर हाताळलीय.

नियम एकच. रोज संध्याकाळी बॅटरी पार रिकामी करायची. पार म्हणजे पार. चार हिरवे ठिपके आहेत, चारही विझून यंत्र 'घुं' करून गप्प होईपर्यंत. मग रात्रभर तिला विसावू द्यायचं आणि सकाळी वायर लावायची. अर्धवट भरलेली बॅटरी परत परत भरली की तिला तेवढ्याचीच सवय लागते, आपल्या पोटाचा अंदाज राहत नाही. कॅमेऱ्यांच्या, वॉकी-टॉकींच्या बॅटऱ्या मी अशाच वाढवल्यात, पोरांसारख्या.

आणि उशीला टेकवून नुसतं भुणभुणत ठेवायचं नाही. तुम्ही तेच कराल, मी ओळखून आहे. त्याने बॅटरी सरळ रेषेत संपते, ते तिला मानवत नाही. बोलूनच संपवायची.

चिठ्ठ्या कमी करा. का, ते विचारू नका.

शेठ

२६ फेब्रुवारी

प्रिय शेठ,

तुमच्या नियमाने माझा छळ मांडलाय.

चारही ठिपके संपवायला माणसाने बोलावं तरी काय? पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसलो आणि जुनं वेळापत्रक वाचायला घेतलं. वाटलं, ही कंटाळून बाहेर जाईल. ही वाटाणे सोलत होती. तीन गाड्या झाल्या, आणि म्हणते कशी:

'थांबा. ती गाडी दुसऱ्या फलाटावरून सुटायची.'

'पहिल्या,' मी म्हटलं.

'दुसऱ्या. तुम्ही रोज पहिला म्हणायचात आणि मग सुधारायचात. घरापर्यंत ऐकू यायचं.'

इतकी वर्षं ही माझ्या चुका ऐकत होती, आणि एका शब्दाने बोलली नव्हती!

दुसऱ्या दिवशी मीच सुरू केलं. 'प्रवाशांनी लक्ष द्यावं. स्वयंपाकघरातून सुटणारा चहा काही अपरिहार्य कारणांमुळे उशिराने येत आहे.'

'कारण प्रवासी नुसता बसून आहे,' ही म्हणाली. 'कप विसळा.'

आता असं झालंय की पाच वाजले की ही स्वतःच हाक मारते, 'चला, बॅटरी संपवायचीय ना? शेठचा हुकूम आहे.' पहिले दोन ठिपके शेजारपाजार, भाव, माझे डेपोतले शत्रू. तिसऱ्याला ही मला पेपर वाचायला लावते. नंतर विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं, समोरच्या दुकानावरची नवी पाटी. चष्मा सापडत नाही म्हणते. चष्मा हिच्या डोक्यावरच असतो, पण मी काही बोलत नाही, कारण मला वाचायला बरं वाटायला लागलंय. चाक वर नेलं की बातमीत जीव येतो.

शेवटच्या ठिपक्याला आम्ही जे बोलतो ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. तसलं काही मनात आणू नका. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी किती घाबरलो होतो ते एकदा सांगितलं. तेव्हा आवाज होता, पण तेव्हा नव्हतं सांगितलं. मग भुंगा घुं करून गप्प झाला. ही म्हणाली, 'उद्या इथूनच पुढे.' आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिथूनच पुढे सुरू करायला लावलं.

बेकरीत गेलो होतो. पाव मागितला. मागे कुणी नव्हतं, पण असतं तरी मागितला असता.

आपला,
भोंगा

८ मार्च

प्रिय साडूबुवा,

पत्र वाचून थोरली रडली आणि मग माझ्या ताटात जास्तीचं वाढलं. यावरून पत्र चांगलं होतं असं मी समजतो.

बॅटरीचा क्रम मोडू नका. एक दिवसही नाही.

आणि एक विचारतो. ज्या बाईचा चष्मा डोक्यावर आहे, ती तुम्हाला समोरच्या दुकानावरची पाटी का वाचायला लावते? ती पाटी, आमची थोरली म्हणते, एका माणसाच्या उंचीच्या अक्षरांत आहे.

मला शपथ घातलेली आहे. मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही.

शेठ

१९ मार्च

शेठ,

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी वेळापत्रकाचा एक तुकडा फाडला आणि मागची बाजू कोरीच ठेवून हिच्या हातात दिला.

हिने तो लांब धरला. जवळ धरला. खिडकीकडे वळवला. मग खुदकन हसली आणि म्हणाली, 'तुमचं आपलं काहीतरीच!'

शेठ, मी कागदावर काहीही लिहिलं नव्हतं.

मी भुंगा घशाला लावला. चाक कुठे होतं कुणास ठाऊक, आवाज बारीक आला. विचारलं, 'काय लिहिलंय?'

ही बराच वेळ तो कागद दुमडत राहिली. शेवटी म्हणाली, 'विचारताय म्हणजे काही लिहिलेलं नाही.'

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डाव्यात तर आता नुसता उजेडच कळतो. डॉक्टरांनी मागच्या वर्षीच करून टाका म्हणून सांगितलं होतं.

'मला का नाही सांगितलंस?'

'तुमच्या घशाचं चाललं होतं. त्यात माझ्या डोळ्यांचं कुठे काढू?'

'आणि नंतर?'

'नंतर सांगितलं असतं तर चिठ्ठ्या बंद झाल्या असत्या. तुम्हाला ते यंत्र लावावंच लागलं असतं. बेकरीतून आलात तेव्हाचा तुमचा चेहरा मला दिसला होता, तेव्हा दिसत होतं अजून.' मग म्हणाली, 'तुम्ही चिठ्ठीत गंमतच लिहीत असाल असं धरून चालले. हसलं की माणूस खूश होतो.'

'माझी दाढ दुखत होती.'

'अगं बाई!' ही म्हणाली, आणि तोंडावर पदर धरला. हसत होती की रडत होती, कळलं नाही. मग म्हणाली, 'कुठली?' ती दाढ काढून मला दोन महिने होत आले, शेठ.

इतके महिने मी या घरात लिहीत होतो आणि कुणी वाचत नव्हतं. घर शांत आहे असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते पत्र सापडलं तर फाडून टाका.

उजव्या डोळ्याची तारीख घेतलीय, पुढच्या महिन्यातली. तोपर्यंत बॅटरी रोज पार रिकामी करतोय, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. हल्ली मात्र पूर्वीसारखी पुरत नाही. पाचला बसलो की पेपर होण्याआधीच घुं होतं. मी जास्त बोलत असेन.

भोंगा

१५ एप्रिल

शेठ,

ऑपरेशन छान झालं. हे आधी लिहितो, कारण याच्यापुढे मी तुमच्या नावाने ओरडणार आहे.

सकाळी यंत्राने चारही ठिपके दाखवले. रिक्षात मी हिला वाटेतली प्रत्येक पाटी वाचून दाखवली, कारण हिचे हात गार पडले होते आणि माझा आवाज चालू असला की हिला बरं वाटतं. हॉस्पिटलच्या पायरीवर चाराचे दोन झाले. नाव नोंदवताना एक. हिला आत नेताना मी म्हणायला गेलो, 'मी इथेच आहे,' तर 'मी इ' एवढंच निघालं आणि घुं.

बाकावर बसून बघतो तर यंत्राची पाठ फुगलेली! झाकण उचललं गेलेलं, वास येतोय. शेजारची बाई सरकून बसली. मी ते नेऊन व्हरांड्यातल्या सिमेंटच्या कुंडीत ठेवलं आणि रखवालदाराला खुणेने लांब उभं केलं.

मग हिला बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याने काही दिसत नाही. खाटेवर ठेवलं, आणि ही विचारतेय, 'आलात का? कुठे आहात?' नर्स म्हणाली, 'आजोबा, बोला ना, त्यांना धीर द्या.' कशाने बोलू? लिहू म्हटलं तर कुणासाठी? हात धरला, तर ही म्हणते, 'कोण? सिस्टर का?' वॉर्डात थंडी होती, माझ्या हाताला माझी ओळख राहिली नव्हती.

माइक चालू आहे की नाही ते बघायला घोषणेआधी मी त्याच्यावर नखाने दोनदा वाजवायचो. डेपोत सगळेच हसायचे त्याला. मी खाटेच्या लोखंडी कठड्यावर तसंच वाजवलं. टक, टक.

ही थांबली. मग हिचा चेहरा सैल पडला, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, 'आले! कुठली गाडी लागलीय?'

नर्सला वाटलं औषध डोक्यात गेलंय. मी घरी नेईपर्यंत टकटक करत राहिलो. नख दुखतंय.

आता तुमचं. घरी येऊन मी खोक्यातला तो मुंगीच्या पायाचा कागद भिंग लावून वाचला. त्यात काय आहे ते लिहितो, शब्दाला शब्द: 'एक ठिपका उरताच चार्ज करावे. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये. रिकाम्या अवस्थेत ठेवून देऊ नये. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये.' पार म्हणजे पार! रात्रभर विसावू द्या! कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पार रिकामी करायची ती जुन्या जातीची बॅटरी, तिला ते चालायचं. ही जात वेगळी, हिला एका मर्यादेखाली नेलं की आतून खराब होते. 'कुणी सांगितलं तुम्हाला असं?' त्यांनी विचारलं. नात्यातले आहेत म्हणून नाव सांगितलं नाही.

तुमच्यावर रागावलेला,
(चाक पूर्ण खाली)
भोंगा

२३ एप्रिल

प्रिय साडूबुवा,

सोबत नवी बॅटरी आणि एक जादा. एक वापरात, एक खिशात. मर्यादा काय ती नीट लिहितो. एक ठिपका उरला की बोलणं आवरा आणि वायर लावा. खिशातली ठेवायची ती अर्धी भरलेली, आणि अधूनमधून बघायची. उन्हात ठेवायची नाही, चुलीजवळ नाही. फुगलेली कचऱ्यात टाकू नका. खोक्यात वाळू घालून ठेवा, बॅटऱ्या गोळा करणारा माझ्या ओळखीचा आहे, तो येऊन नेईल. तोपर्यंत तिला हात लावू नका, तिच्यावर रागही काढू नका.

हॉस्पिटलचं वाचलं. तेवढ्यापुरती माफी मागतो, आणि मनापासून मागतो. धाकटी 'कुठे आहात' म्हणत होती तिथे मी चार वेळा थांबलो.

पण बाकीच्याबद्दल माफी नाही! शेठला लिथियम कळत नाही असं तुम्हाला वाटलं? अहो, मी पेटीपासून दुकानापर्यंत आलो तो काय गंमत म्हणून? तुमच्या दाढेच्या पत्रावरूनच मला कळलं होतं की धाकटीला दिसत नाही. थोरलीने शपथ घातली, सांगायची सोय नव्हती. तुम्हाला नुसतं 'बोला' म्हटलं असतं तर तुम्ही बोलला असतात? नसतात. तुम्ही डेपोचे माणूस, तुम्हाला नियम लागतो. म्हणून मी विचारपूर्वक, जाणूनबुजून, सगळं माहीत असताना चुकीचा नियम दिला. कागद वाचू नका म्हटलं ते कशासाठी? उशीला टेकवू नका म्हटलं ते कशासाठी? एक बॅटरी घालवली आणि दोन माणसं बोलती केली. उभ्या आयुष्यात याहून फायद्याचा सौदा मी केलेला नाही. बॅटरीच्या बाबतीत मी चुकत नाही, साडूबुवा. लागलंच तर चुकल्यासारखं करतो.

धाकटीची पट्टी निघाल्यावर हे पत्र तिचं तिला वाचू द्या.

तुमचा अजूनही आवडता,
शेठ

१० मे

धाकटे,

तुझं अक्षर पाहिलं आणि पत्र उघडायच्या आधीच ह्यांना हाक मारली. ओळी जरा वर चढल्यात, पण तुझ्या शाळेतही चढायच्या. आता हे पत्र तुझं तू वाचतेस ना? त्यांना वाचू देऊ नकोस. ते वाचून दाखवतील आणि मध्ये आपल्या पदरचं घालतील.

लिहिलंयस की पट्टी काढल्यावर सगळ्यात आधी तुला त्यांच्या गळ्यावरची खूण दिसली. मोठी आहे का गं खूप? तू म्हणतेस नाही, तुला आठवत होती त्याच्यापेक्षा लहान आहे. आणि ते म्हणाले, 'म्हातारा झालोय ना?' आणि तू म्हणालीस, 'आवाजावरून वाटत नव्हतं.' मी ते ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा हे चष्मा पुसायला उठून गेले.

एका डोळ्याने फार वाचू नकोस. दुसऱ्याची तारीख लवकर घे, मी येते राहायला. दिसायला लागलं म्हणून संध्याकाळचा पेपर स्वतः वाचायला लागू नकोस. त्यांच्याकडूनच वाचून घे.

आता ह्यांचं. जाणूनबुजून म्हणे! विचारपूर्वक म्हणे! येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच गोष्ट सांगतायत, आणि दर वेळी ह्यांची हुशारी दोन बोटं वाढते. तुझ्या डोळ्यांचं ह्यांनी ओळखलं ते खरं, ते मी नाकारत नाही. यंत्र पाठवलं तेही त्याचसाठी. पण बॅटरीचं म्हणशील तर ऐक. ह्यांचं दाढी करायचं यंत्र थंडीतच गेलं. माझा छोटा रेडिओ मार्चमध्ये गेला. दुकानातला मोठा दिवा त्याच्यानंतर. सगळे हे रोज संध्याकाळी पार रिकामे करत होते, आणि मी आवरायला गेले की ओरडायचे, 'हात लावू नकोस, अजून संपली नाही!' ह्यांचा स्वतःचा मोबाइल तर आता वायर काढली की बंद पडतो. कुणाचा फोन आला की हे प्लगपाशी भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि तिथूनच बोलतात.

तुझी,
थोरली